पावसाळ्यात बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू-बंद करायचाय, जाणकारांनी मार्ग सांगावा

बिनतारी | शनिवार, सकाळी ९:४०

मंडळी, कर्वेनगरला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मास्टर बेडरूमचं बाथरूम आतल्या बाजूला. खिडकी नाही, डक्टमध्ये उघडणारं एक भोक आणि त्यात सहा इंची एक्झॉस्ट फॅन. फॉल्स सीलिंगच्या कोपऱ्यात काळे ठिपके यायला लागलेत, त्यामुळे फॅन रोज नीट चालायला हवा. पण घरात दोन पक्ष आहेत. एक पक्ष फॅन लावतच नाही, आणि दुसरा लावला की विसरतो.

होम असिस्टंट (घरातली उपकरणं नियमांनुसार चालवणारं सॉफ्टवेअर) आधीपासून आहे, जुन्या लॅपटॉपवर. फॅनच्या बटणामागे छोटा रिले (सॉफ्टवेअरच्या हुकमाने चालणारा स्विच) बसवला, बाथरूममध्ये झिगबीचा, म्हणजे बिनतारी जोडणीचा, आर्द्रता सेन्सर चिकटवला. नियम सोपा: ६५ टक्क्यांच्या वर गेलं की चालू, ६० च्या खाली आलं की बंद. मार्च ते मे झकास चाललं. जूनमध्ये पाऊस लागला आणि फॅन बंद व्हायचं नावच घेईना. आत्ता हे टंकतोय, सकाळपासून तिकडे कोणी आंघोळीला गेलेलं नाही, तरी सेन्सर ८४ दाखवतोय आणि फॅन गरगरतोय. वरचा आकडा ८८ करून पाहिला तर काही दिवस आंघोळ होऊनसुद्धा फॅन हलत नाही.

तर पावसाळ्यात आकडा काय ठेवायचा? की आकड्याचा नाद सोडून सरळ दिव्याच्या बटणाला जोडून टाकू?

ता. क. "बटण दाबायला असे किती कष्ट पडतात?" हे मत घरात मांडून झालेलं आहे. इथे कृपया कोणी मांडू नये.

खडूस_पेठकर | शनिवार, सकाळी ९:५२

बटण दाबायला असे किती कष्ट पडतात?

निवांत | शनिवार, सकाळी ९:५५

पहिल्याच प्रतिसादात धागा संपला. चला, चहा टाकतो.

ओहमचा_नियम | शनिवार, सकाळी ११:२०

तुमच्या रिलेत दोष नाही आणि सेन्सरमध्येही नाही. दोष ठरावीक आकडा धरण्यात आहे.

सेन्सर दाखवतो ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते त्याच्या किती टक्के सध्या आहे, एवढंच ती सांगते. २४ अंशांना एका घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी मावतं, २८ अंशांना २७ ग्रॅम. आता पुण्यातली जुलैची झड घ्या. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम. आंघोळ झाल्या झाल्या बाथरूममध्ये २८ अंश आणि ९५ टक्के, म्हणजे जवळपास २६ ग्रॅम. फॅन काय करतो, तर २६ ग्रॅमवाली हवा डक्टमध्ये फेकतो आणि दाराखालून साडेएकोणीसवाली आत घेतो. हवा कोरडी करणं त्याच्या हातात नाही, तो फक्त अदलाबदल करतो. बाथरूम पुन्हा २५ अंशांवर आलं आणि आतली सगळी हवा बदलली, तरी सेन्सर ८५ च दाखवणार. तुमचा ६० चा आकडा गाठायला त्या बिचाऱ्याला दिवाळीपर्यंत फिरावं लागेल.

एप्रिलात उलट. दुपारी बाहेर २०-२५ टक्के असतं, दार उघडं टाकलं तरी लादी वाळते. म्हणून तुमचा नियम उन्हाळ्यात शहाणा वाटला.

उपाय: टक्के सोडा, ग्रॅम मोजा. सेन्सर तापमानही देतोच. होम असिस्टंटमध्ये टेम्प्लेट सेन्सर (सूत्रावरून आकडा काढणारा आभासी सेन्सर) करून दोन्हींतून प्रति घनमीटर ग्रॅम काढा. दुसरा सेन्सर घरात इतरत्र ठेवा, कारण बाथरूममध्ये आत येते ती घरातली हवा. आतले ग्रॅम घरातल्यापेक्षा ३ ने जास्त झाले की चालू, फरक १ वर आला की बंद. बारा महिने हाच नियम चालतो.

सायली_वाकड | शनिवार, दुपारी १२:०५

ओहम, बरोबर आहे, पण एवढं सूत्र लिहायची गरज नाही. बेडरूम आणि बाथरूम यांच्या तापमानात असा कितीसा फरक असतो? मी सरळ टक्क्यांची वजाबाकी करते. बाथरूम वजा बेडरूम. १० च्या वर गेलं की चालू, ४ च्या खाली आलं की बंद. वर "किमान १० मिनिटं चालायचा" आणि "४५ मिनिटांनंतर काही झालं तरी बंद" या दोन अटी. ही शेवटची अट फार महत्त्वाची, कारण पावसाळ्यात आमच्याकडे बाथरूममध्ये दोरीवर कपडे असतात. ओल्या जीन्स आहेत तोवर फरक ४ च्या खाली येतच नाही.

ओहमचा_नियम | शनिवार, दुपारी १२:३१

सायलीताई, डिसेंबरात पाहा. सकाळी बेडरूम १८ अंश आणि गरम पाण्यानंतर बाथरूम २५ असतं, तेव्हा नुसती टक्क्यांची वजाबाकी गंडते. हवेत पाणी जास्त असूनही टक्के कमी दिसतात.

सायली_वाकड | शनिवार, दुपारी १२:४०

डिसेंबरात वाफ एवढी असते की आरसा दिसत नाही. तेव्हा कुठलाही नियम चालू होतोच. माझं गेला हिवाळाभर व्यवस्थित चाललं. सूत्र तुमचं बरोबर, घर माझं चालतंय.

अनुस्वार | शनिवार, दुपारी १:१५

तिसरा मार्ग: आकडा किती आहे ते बघूच नका, किती वेगाने चढतोय ते बघा. होम असिस्टंटमध्ये डेरिव्हेटिव्ह नावाचा तयार हेल्पर आहे. पाच मिनिटांत आर्द्रता एकदम उसळली म्हणजे कोणीतरी गरम पाणी सोडलंय. फॅन चालू, २० मिनिटांचा टायमर. दुसरा सेन्सर लागत नाही.

एक अडचण मात्र आहे. शॉवरखाली हे उत्तम चालतं, बादलीने आंघोळ करणाऱ्यांकडे चढ सावकाश असतो, कधीकधी पकडतच नाही. आणि बॅटरीवरचे झिगबी सेन्सर दर सेकंदाला बोलत नाहीत, मनात आलं की आकडा पाठवतात. माझे वडील तांब्याने झटपट आंघोळ उरकून बाहेर येतात आणि मग फॅन सुरू होतो.

निवांत | शनिवार, दुपारी १:२२

वडिलांना अजून थोडं रेंगाळायला सांगा.

फ्यूजकाका | शनिवार, दुपारी ४:१०

वायरिंगची कामं करण्यात हयात गेली, आता मुलगा बघतो. सॉफ्टवेअर तुमचं तुम्ही बघा, बोर्डाचं मी सांगतो.

पहिली गोष्ट, रिलेला न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, लागतो. बाथरूमबाहेरच्या बोर्डात गीझरचा सॉकेट किंवा प्लग पॉइंट असेल तर न्यूट्रल तिथे आलेला असतो. नुसतीच बटणं असतील तर बहुतेक वेळा नसतो, तेव्हा सामान आणण्याआधी प्लेट उघडून बघा. अर्थात मेन बंद करून. बटण बंद केलं म्हणजे झालं असं समजू नका, जुन्या बिल्डिंगांमध्ये फेज-न्यूट्रल उलटे केलेले मी ढीगभर पाहिलेत.

दुसरी, काचेचे टच बोर्ड येतात त्यातले काही रिलेचे नसतात, ट्रायॅकचे, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे, असतात. दिव्याला ठीक, पण एक्झॉस्ट मोटर त्यावर गुणगुणते, कधी बंद केल्यावरही पातं हळूहळू सरकत राहतं. फॅनला टक् असा आवाज येणारा रिलेच हवा.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: भिंतीवरचं बटण जिवंत ठेवा. रिलेच्या स्विच टर्मिनलला जुनंच बटण जोडायचं. वायफाय गेलं, लॅपटॉप झोपला, तरी घरात आलेल्या पाहुण्याला फॅन लावता आला पाहिजे. ज्यांनी मोबाइलशिवाय काही चालत नाही असं करून ठेवलंय, त्यांच्याच घरून रात्री फोन यायचे.

चौथी, रिलेच्या सेटिंगमध्ये "लाइट आल्यावर काय करायचं" असा पर्याय असतो. तो बंदवर ठेवा. नाहीतर दर गुरुवारी लाइट गेली-आली की फॅन आपसूक सुरू आणि तुम्ही ऑफिसात.

सेन्सर, रिले काहीही न्हाण्याच्या जागेजवळ नको. रिले बाहेरच्या बोर्डातच, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे ना ते बघून घ्या.

बिनतारी | शनिवार, संध्याकाळी ६:३०

काका, भारी माहिती. बटण जिवंत आहे. आरसीसीबी आहे. "लाइट आल्यावर"चं सेटिंग "आधी होतं तसं" होतं, ते आता बदललं.

सायली आणि ओहम, दोघांचंही करून बघतो. बेडरूममध्ये ठेवायला एक जादा सेन्सर पडलाय, पण तो दुसऱ्या मेकचा आहे. दोघांचे आकडे मुळातच वेगळे असले तर?

ओहमचा_नियम | शनिवार, संध्याकाळी ६:५८

असतातच. चांगला सेन्सर दोन टक्के इकडेतिकडे, स्वस्तातला पाच. दोन्ही रात्रभर शेजारी-शेजारी ठेवा आणि सकाळी येणारा फरक वजा करून टाका.

खोलात जायचं असेल तर मिठाची परीक्षा करा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यावर थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करा. पाणी वर तरंगता कामा नये. ते झाकण आणि सेन्सर हवाबंद डब्यात घालून रात्रभर ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचा सेन्सर ७९ दाखवत असेल तर तो चार जास्त बोलतोय.

सायली_वाकड | शनिवार, रात्री ८:११

हे मला माहीत नव्हतं! डबा काढला.

खडूस_पेठकर | शनिवार, रात्री ८:३०

बटण दाबायचे कष्ट वाचवण्यासाठी रात्रभर डब्यात मीठ ठेवणारी माणसं. चालू द्या.

बाय द वे, कोणी विजेचा हिशोब केलाय का? फॅन ३० वॅटचा धरा. चोवीस तास चालला तर महिन्याला २१-२२ युनिट, हे मान्य. पण शहाण्या माणसासारखा दिवसाला ४० मिनिटं चालवला तर महिन्याला ०.६ युनिट. तुमचा तो वायफाय रिले नुसता जागा राहायला एक वॅट खात असेल तर महिन्याला ०.७. म्हणजे फॅनपेक्षा फॅनचा मुनीम जास्त खातो. लॅपटॉप तर धरलाच नाही. तो १५ वॅट धरला तर महिन्याला जवळजवळ ११ युनिट.

बिनतारी | शनिवार, रात्री ८:४४

लॅपटॉपवर अजून बरंच काही चालतं हो, तो फॅनच्या खात्यावर नका टाकू. आणि मी वीज वाचवायला हे करत नाहीये, सीलिंग वाचवायला करतोय. पीओपी नव्याने करायला किती घेतात ते विचारून आलोय.

मृण्मयी_क | शनिवार, रात्री ९:२०

सगळे सेन्सरमध्ये रमलेत, म्हणून जरा गंभीर विचारते. बाथरूममध्ये गीझर कुठला आहे? गॅसचा असेल तर हा सगळा धागा बाजूला ठेवा.

गॅस गीझर बंद बाथरूममधला ऑक्सिजन वापरतो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. माणसाला चक्कर आल्यासारखं होतं आणि कडी उघडायचं त्राणही राहत नाही. "आमच्याकडे एक्झॉस्ट आपोआप लागतो, मग काय काळजी" हा विचार त्यात सगळ्यात वाईट. आर्द्रतेच्या सेन्सरला या वायूचा पत्ता लागत नाही. शिवाय आत हवा यायला जागा नसेल तर फॅनच्या ओढीने गीझरचा धूर उलटा आत येऊ शकतो.

गॅस गीझर ड्राय बाल्कनीत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. यात तडजोड नको.

फ्यूजकाका | शनिवार, रात्री ९:३५

ताईंशी शंभर टक्के सहमत. जागा नाही म्हणून गॅसचा गीझर आतच लावा, असं सांगणारी गिऱ्हाइकं यायची. मी काम सोडून द्यायचो.

बिनतारी | शनिवार, रात्री ९:५०

विजेचा आहे, १५ लिटरचा. पण आईच्या धायरीच्या घरी गॅसचा आहे आणि तो आतच आहे. उद्याच जातो.

मृण्मयी_क | शनिवार, रात्री ९:५३

हलवेपर्यंत दार किलकिलं ठेवून बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मगच आत जायचं. आईंना आजच फोन करून सांगा.

डक्टवाला_मजला | रविवार, सकाळी ८:१५

आमचा प्रश्न वेगळाच. फॅन चालतो, पण हवा जातच नाही. बाथरूमला नवीन दार बसवलं ते खालपासून वरपर्यंत टाइट, खिडकी बंद. फॅनसमोर पातळ टिश्यू धरला तर तो जाळीला चिकटायचासुद्धा नाही. दार चार बोटं उघडलं की लगेच चिकटतो.

ओहमचा_नियम | रविवार, सकाळी ८:५०

आत हवा आल्याशिवाय बाहेर जाणार कशी? सुताराकडून दार खालून अर्धा-पाऊण इंच तासून घ्या, नाहीतर दाराला खाली जाळी बसवा. अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात बाथरूमच्या फॅनने मिनिटाला ५० घनफूट, म्हणजे तासाला ८५ घनमीटर हवा ओढावी असं आहे. आपले सहा इंची फॅन खोक्यावर त्याहून बराच मोठा आकडा लिहितात. पण तो मोकळ्या हवेतला. टाइट दार आणि तुंबलेली जाळी असली की त्यातलं किती उरतं कोण जाणे.

बिनतारी, टिश्यूची परीक्षा तुम्हीही करा. तिथेच घोडं अडलं असेल तर कुठल्याही नियमाने ठिपके जाणार नाहीत.

निवांत | रविवार, सकाळी ९:०५

डक्टचा विषय निघालाच आहे तर, आमच्या डक्टमधून हवा बाहेर जाण्याऐवजी दुसऱ्या मजल्यावरच्या तळलेल्या बोंबलाचा वास आत येतो. यावर काही ऑटोमेशन?

सायली_वाकड | रविवार, सकाळी ९:१२

फॅनला बाहेरून पडणाऱ्या पट्ट्यांची झडप लावा. फॅन चालू की उघडते, बंद की आपोआप मिटते. किंवा दुसऱ्या मजल्यावर ओळख वाढवा.

अनुस्वार | रविवार, सकाळी ९:४०

वासावरून आठवलं. आर्द्रतेवर चालणारा फॅन आंघोळीचं बघतो, सकाळच्या मुख्य कार्यक्रमाचं काय? तेव्हा आर्द्रता जागची हलत नाही. वास पकडणारे सेन्सर मिळतात, पण ते फिनेल, डिओ आणि उदबत्तीलाही तितकेच दचकतात. म्हणून त्यासाठी दिवाच बरा. दिवा सलग तीन मिनिटं चालू राहिला की फॅन लावायचा, दिवा बंद झाल्यावर दहा मिनिटांनी बंद. हात धुवायला आलेल्याला फॅन लागत नाही.

मित्राने माणूस ओळखणारा मिलिमीटर-वेव्ह रडार लावला होता. त्या रडारला फॅनची फिरती पातीच माणूस वाटायची. आत "कोणीतरी" आहे म्हणून फॅन चालू, आणि फॅन चालू म्हणून आत कोणीतरी आहे.

खडूस_पेठकर | रविवार, सकाळी ९:५८

या एका प्रतिसादासाठी मी या धाग्याला सगळं माफ केलं.

पार्वतीपायथा | रविवार, सकाळी ११:३०

मी ऑटोमेशनमधलं काही जाणत नाही. आमच्या फॅनच्या भोकात कबुतरांनी काड्या आणून संसार थाटला होता. पातं अडकून मोटर गरम व्हायची आणि जळका वास यायचा. तुमचा फॅन आपोआप चालू होणार, म्हणजे पातं अडकलंय हे बघायला तिथे कोणी नसणार. तेव्हा आधी मागच्या बाजूला डोकावून बघा.

फ्यूजकाका | रविवार, दुपारी १२:१०

मोलाचा मुद्दा. अडकलेली मोटर तासन्‌तास चालू राहणं धोक्याचं. थर्मल कटऑफ (मोटर तापली की आपोआप बंद करणारी सोय) असलेला फॅन घ्या, आणि सायलीताईंची ४५ मिनिटांची अट यासाठीही हवी.

बिनतारी | बुधवार, रात्री १०:२०

खबरबात देतो.

आईकडचा गॅस गीझर सोमवारी बाहेर काढला. प्लंबरने पाइप फिरवून दिला. मृण्मयीताई, आभार.

टिश्यू चिकटला नाही! फॅनमागची जाळी धूळ आणि केसांनी पार बुजली होती. नुसती साफ केल्यावर आवाजच बदलला. दार मात्र अजून तासायचंय, सुतार "उद्या येतो" म्हणालाय.

नियम ओहमचा लावला, ग्रॅमवाला. शेवटच्या अटी सायलीच्या. तीन ग्रॅमला चालू, एकला बंद, कमीत कमी १०, जास्तीत जास्त ४५ मिनिटं. आज दिवसभर झड आहे, बेडरूममध्ये ८३ टक्के आणि बाथरूममध्ये ८६, आणि फॅन शांत. सकाळी आंघोळीनंतर दोन मिनिटांत लागला, पंचवीसेक मिनिटांनी आपला आपण बंद झाला. दिव्याचा नियम फक्त दुसऱ्या टॉयलेटला ठेवतो.

काळे ठिपके कसे घालवायचे, नुसतं पुसून चालेल का?

सायली_वाकड | बुधवार, रात्री १०:३५

कोरड्या फडक्याने झटकू नका, बुरशी उडते. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग बुरशीरोधक प्रायमर आणि रंग. पीओपी दाबल्यावर मऊ लागत असेल तर तेवढा भाग कापून बदलावा लागेल. आणि रंगकामाला दसऱ्यानंतरच बोलवा, आत्ता वाळणारच नाही.

डक्टवाला_मजला | बुधवार, रात्री १०:५०

सीलिंगचा एखादा तुकडा काढलाच तर वर टॉर्च मारून बघा. आमच्याकडे फॅनचा पाइप डक्टपर्यंत पोचलेलाच नव्हता, सगळी वाफ फॉल्स सीलिंगच्या वरच सोडत होता.

बिनतारी | बुधवार, रात्री १०:५८

माझा भिंतीतच आहे, थेट डक्टमध्ये. पण दुसऱ्या टॉयलेटचा सीलिंगमधून जातो, तो बघतो. पार्वतीपायथा, कबुतरांसाठी मागे जाळी कुठली लावलीत? आमच्याकडेही काड्या दिसल्या.

पार्वतीपायथा | गुरुवार, सकाळी ७:४५

बोहरी आळीतून वेल्ड केलेली जाळी आणली, पाऊण इंची चौकोनाची. त्याहून बारीक घेऊ नका, धुळीने बुजते. डासांची जाळी तर अजिबात नको. घरट्यात अंडी असली तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. लावताना स्क्रूने लावा, तारेने बांधू नका, म्हणजे साफ करायला काढता येते.